हेडफोन करंट मारते

सोयाबीन घरात येऊन गेलेलं असतं, हरभरा वीतभर झालेला असतो, तुरीच्या शेंगा भरत आलेल्या असतात आणि त्याच सुमारास आमच्याकडच्या हवेतलं पाणी संपतं. कुठे जातं कोण जाणे. अंघोळ करून आलं की टॉवेल हातात घेईपर्यंत अंग कोरडं. ओठ फुटतात, टाचा फुटतात, हातावर नखाने रेघ ओढली तर पांढरी उमटते. खडू धरून धरून माझी बोटं तर या दिवसांत अशी खरखरीत होतात की साडीच्या निऱ्या घालताना धागे अडकतात. मग एका सकाळी स्वेटर डोक्यातून काढताना कानापाशी चटचट आवाज होतो, केस उभे राहतात आणि मी आरशात बघून म्हणते, आला हिवाळा.

थंडीवरून मी हिवाळा ओळखत नाही. थंडी आमच्याकडे लहरी आहे. येते, चार दिवस राहते, आभाळ आलं की निघून जाते. कोरडेपणा मात्र शब्दाचा पक्का. एकदा आला की होळीपर्यंत हलत नाही.

यंदा तो मला एसटीत भेटला. मी शिरपूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवते आणि आमच्या गावाहून रोज बसने जाते. परवा शिरपूर आलं, सीटवरून उठले, उतरताना दाराच्या दांड्याला हात लावला आणि बोटाला असा झटका बसला की डब्याची पिशवी खाली पडली. मागे एक म्हातारी होती. तिने पिशवी उचलून दिली.

"करंट मारला का?"

"हो ना."

"मले बी मारते," ती म्हणाली. "पॉलिस्टरचं लुगडं हाय न."

आणि शांतपणे माझ्या खांद्याला धरून उतरली. तिच्या हाताचाही मला झटका बसला. तिलाही बसलाच असणार, पण तिने तोंड वाकडं केलं नाही. देवळाकडे जाणाऱ्या यात्रेकरूंच्या गर्दीत ती दिसेनाशी झाली आणि मी शाळेच्या रस्त्याला लागले. सगळ्या रस्त्याने मामाजींचा तो हिवाळा डोक्यातून जाईना.

मामाजी म्हणजे माझे सासरे. त्यांचं विजेशी फार जुनं नातं आणि ते प्रेमाचं नाही. जन्म शेतात गेला. विहिरीवर मोटार, मोटारीला स्टार्टर, स्टार्टरला लाकडी खोकं आणि लाइन येईल तेव्हा जाऊन ते खोकं उघडायचं, मग पाऊस असो की चिखल. त्यांचे एक चुलतभाऊ याच कामात गेले. ओल्या धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, अनवाणी चालत आले, पेटीला हात लावला आणि तिथेच संपले. त्यांना उचलून आणणारे मामाजी होते. ही गोष्ट मला लग्न झाल्यावर कितीतरी उशिरा, तीही दुसऱ्याकडून कळली. मामाजी ती सांगत नाहीत. ते नियम सांगतात. पाय कोरडे पाहिजेत. पायात रबराची स्लीपर पाहिजे. खाली फळी असली तर आणखी बरं. आणि लोखंडी वस्तूला पहिला हात लावायचा तो उलटा, म्हणजे तळहाताची मागची बाजू. तळहाताने धरलं आणि आत करंट असला तर मूठ आवळते, मग सुटत नाही. उलटा हात लावला तर तो आपोआप मागे फेकला जातो.

मी नवीन होते तेव्हा मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मामाजी फ्रिजला उलटा हात लावून बघायचे, मग दार उघडायचे. कूलरला उलटा हात. माझ्या मिक्सरला उलटा हात. मला वाटायचं, या माणसाला घरातल्या सगळ्या वस्तूंना ताप आल्यासारखं का वाटतं? माहेरी फोनवर मी हे हसत हसत सांगितलंही. पुढे कारण कळलं आणि हसू थांबलं. नंतर तर मीही कूलरला उलटा हात लावू लागले.

असा हा हुशार, सावध माणूस हळूहळू ऐकेनासा झाला. मळणीयंत्राशेजारी उभं राहून वर्षं काढली होती, त्याचा परिणाम असेल किंवा वयाचा असेल. बहिरेपणा एकदम येत नाही. आधी ते "काय?" म्हणायचे आणि आपण पुन्हा सांगायचो. मग आपण मोठ्याने सांगू लागतो. मग आपण फक्त महत्त्वाचं तेवढंच मोठ्याने सांगतो. आणि घरात महत्त्वाचं असं किती असतं? जेवायला चला, गोळी घेतली का, पाहुणे येणार आहेत. उरलेलं सगळं, म्हणजे कोणाची गाय व्यायली, बसमध्ये कोण भेटलं, शाळेत कोणी काय गंमत केली, हे सांगायचं राहून जातं. घर ज्याच्यावर चालतं ते हे उरलेलंच असतं. मामाजी आमच्या तोंडाकडे बघत बसायचे. चेहऱ्यावरून अर्थ लावायचे. त्यात ते पटाईत झाले. मी शाळेतून चिडून आले की अजून चप्पल काढते न काढते तोच म्हणायचे, "आज कोन बोललं तुले?" पण चेहरा वाचणं वेगळं आणि बोलणं ऐकणं वेगळं.

सासूबाई होत्या तोवर त्या खाणाखुणांनी भागवायच्या. त्या गेल्या आणि तेही थांबलं.

कानाचं मशीन आणून झालं होतं. ते शिट्टी वाजवायचं. मामाजी म्हणाले, "हे माह्यापेक्षा जास्त बोलते," आणि काढून ठेवलं ते ठेवलंच. मग माझा नवरा गजानन वाशिमला गेला असताना वायरवाले, मोठ्या वाट्यांचे हेडफोन घेऊन आला. दोन्ही कान झाकतील असे, तोंडाशी माइकची काडी असलेले. फोनला जोडून आवाज पूर्ण वाढवला की मामाजींना ऐकू यायचं. सगळं नाही, पण यायचं. पहिला फोन आम्ही सविताला लावला.

सविता म्हणजे माझी नणंद. गजाननपेक्षा लहान. लग्न करून पुण्याकडे दिलेली. मामाजींनी हेडफोन घातले, ती पलीकडून काहीतरी बोलली आणि ते आमच्याकडे वळून म्हणाले, "सवीले सर्दी झाली." खरंच झाली होती. चेहरा न दिसता लेकीची सर्दी ओळखली याचा त्यांना एवढा आनंद झाला की दिवसभर जो येईल त्याला तेच सांगत होते. त्या पावसाळ्यात बापलेकीचं बोलणं सुरू झालं. पाऊस किती पडला, सोयाबीनला फूल धरलं का, बाजारात भेंडी काय भाव. ती तिकडे गच्चीवर जाऊन बोलायची. हळू बोललं तरी चालायचं, कारण आवाज थेट त्यांच्या कानात पडायचा. मी भाकरी थापताना बघायचे. गालातल्या गालात हसत ते एकटेच मान हलवत असायचे.

मग हिवाळा आला.

मामाजींचा हिवाळा म्हणजे ठरलेला वेष. डोक्याला लोकरीची दिसणारी पण लोकर नसलेली कानटोपी. अंगावर मिंक ब्लँकेट, ज्याच्यावर वाघाचं तोंड आहे. बसायला प्लास्टिकची खुर्ची. पायात स्लीपर. असे ते सकाळी ओसरीत उन्हाला बसायचे. त्या दिवशी सविताचा फोन आला, मी हेडफोन नेऊन दिले. त्यांनी कानटोपीवरून एक वाटी चढवली, दुसरी चढवण्यासाठी टोपी वर सरकवली आणि "हात् तिच्या!" म्हणून हेडफोन अंगणात भिरकावले. कोंबड्या पळाल्या. कानाच्या पाळीला झटका बसला होता.

"हेडफोन करंट मारते," त्यांनी निकाल दिला.

मी ते उचलून आणले, झटकले आणि माझ्या कानाला लावून बघितले. काही झालं नाही. मी अनवाणी होते, खाली शेणाने सारवलेलं अंगण होतं. हे मला तेव्हा सुचलं नाही. मी म्हणाले, "काही नाही मामाजी, घ्या." त्यांनी पुन्हा हात पुढे केला, उलटा. माझ्या हातातून त्यांच्या हातापर्यंत पोचण्याआधीच बारीकशी ठिणगी उडाली. आता तर साक्षीपुराव्यासकट सिद्धच झालं.

पुढचे काही दिवस आमच्या घरात विजेचा शोध चालला होता. फोन जुना होता, चार्जिंगवर असायचा. गजानन म्हणाला, चार्जरमधून येत असेल. चार्जर काढला. तरी झटका. मामाजींनी टेस्टर आणला आणि हेडफोनला सगळीकडून लावून बघितला. दिवा लागला नाही. ते म्हणाले, टेस्टर खराब हाय. मग अर्थिंगची पाळी आली. मीटरखाली अंगणाच्या कोपऱ्यात मीठ-कोळसा घालून पुरलेली आमची अर्थिंग आहे. ती सुकली की घरात करंट उतरतो, हे इथल्या कोणालाही विचारा, सांगेल. उन्हाळ्यात तिला पाणी घालायचं असतं. गजाननने हिवाळ्यातच सुरू केलं. रोज सकाळी एक बादली आणि मूठभर मीठ. तिथे चिखल झाला, चिमण्या येऊन पाणी पिऊ लागल्या. हेडफोनचा स्वभाव काही बदलला नाही.

एकदा तर लाइन गेलेली असताना झटका बसला. मला वाटलं, आता तरी त्यांना पटेल.

"मामाजी, लाइनच नाही. मग करंट कुठून येईल?" मी कानाशी ओरडून विचारलं.

"रिटर्न येते," ते म्हणाले. "कोनी इन्व्हर्टर लावलं असन. लाइन गेली म्हनून हात लावनारेच मरतात."

शेतकऱ्यापुरतं ते शंभर टक्के खरं होतं. मामाजींनी हेडफोनची वायर गुंडाळली, पिशवीत घातली आणि पिशवी खुंटीला टांगली. उलट्या हाताने ती एकदा हलवून बघितली आणि विषय संपवला. त्या दिवसापासून आमच्या घरात पुन्हा महत्त्वाचं तेवढंच बोललं जाऊ लागलं.

सविताचा फोन मग माझ्या फोनवर आला.

"वैनी, बाबासंग बोलायचं होतं."

"स्पीकर लावते. तू मोठ्यानं बोल."

"स्पीकरवर नाही," ती म्हणाली. "इथं मोठ्यानं बोलता नाही येत वैनी. राहू द्या. तुरी सोंगल्या का?"

मी तुरीच्या कापणीचं सांगितलं. तिने ऐकलं नाही हे मला कळत होतं. सविता काही बोलघेवडी मुलगी नाही. दिवाळीला आली होती तेव्हा तिने स्वयंपाकघरातून पाय बाहेर काढला नव्हता, आणि जायच्या दिवशी पिशवी भरायला इतका वेळ लावला होता की बस चुकता चुकता राहिली. तिला सासरी जायचं नव्हतं. मला तेव्हाच वाटलं होतं, पण विचारलं नाही; ती सांगेल म्हणून थांबले. आता तिला सांगायचं होतं, पण मला नाही, भावालाही नाही. बापालाच. आणि बापाने कान पिशवीत घालून खुंटीला टांगले होते. मला वाईट वाटलं की ती मला सांगत नाही. थोडा रागही आला, उगाच कशाला लपवायचं. पण हे मात्र स्पष्ट दिसत होतं की मामाजींनी हेडफोन घातले नाहीत तर ही मुलगी पोटातलं पोटातच ठेवून तिकडे राहील.

आणि मी विज्ञान शिकवते! हे आठवलं की अजून मला माझंच हसू येतं. सातवीला स्थिर विद्युत असते. फुगा केसांवर घासायचा आणि भिंतीला चिकटवायचा. पावसाळ्यात हा प्रयोग केला तर फुगा सरळ खाली पडतो आणि मुलं मॅडमकडे दयेने बघतात. म्हणून मी तो हिवाळ्यासाठी राखून ठेवते. त्या आठवड्यात तो घेतला. फुगे भिंतीला असे चिकटले की तास संपला तरी सुटेनात. एक मुलगी म्हणाली, मॅडम, मघाशी मी हात ओला करून धरला तर चिकटला नाही. मी नेहमीचं उत्तर दिलं, पाण्यावाटे भार निघून जातो, जमिनीत जातो, कोरड्या वस्तूवर मात्र साचून राहतो. बोलता बोलता माझा खडू थांबला. कानटोपी. ब्लँकेट. प्लास्टिकची खुर्ची. स्लीपर.

लाइनचा काही संबंधच नव्हता. मामाजी स्वतःच भरले जात होते. टोपी घासून, ब्लँकेट घासून अंगावर जो भार साचत होता त्याला जमिनीत जायला वाट नव्हती, कारण पायात रबर होतं. मग पहिली वाट सापडायची ती हेडफोनची आणि तो कानाशी उतरायचा. आणि जसजसा झटका बसत होता तसतसे ते जास्त काळजी घेत होते. स्लीपर घट्ट, पाय कोरडे, खुर्चीखाली फळी. जन्मभर ज्या नियमांनी त्यांना जिवंत ठेवलं तेच नियम इथे झटका तयार करत होते. यावर उपाय एकच आणि तो ऐकला की त्यांच्यासारख्या माणसाच्या अंगावर काटा यावा. चप्पल काढायची, पाय ओल्या मातीत ठेवायचे आणि मग हात लावायचा.

मी घरी येऊन हे सांगितलं. फुगा घेऊन आले होते, प्रयोगही करून दाखवला. मामाजींनी फुग्याकडे लक्षपूर्वक बघितलं. मग माझ्याकडे.

"म्हंजे ओल्या पायानं करंटले हात लावू म्हनतं?"

"हा तो करंट नाही मामाजी. यानं माणूस मरत नाही. नुसतं चटकन होतं."

"समदे असंच म्हनतात," ते म्हणाले आणि ब्लँकेट वर ओढून घेतलं. त्याचीही चटचट झाली.

माझं बरोबर होतं, पण त्यांनी भावाला ज्या धुऱ्यावरून उचलून आणलं होतं तो धुराही ओलाच होता. पुस्तकातलं वाक्य घेऊन त्या आठवणीशी वाद घालायचा मला धीर झाला नाही. त्यांना भीती वाटत होती. या वयात, या माणसाला, एवढ्याशा प्लास्टिकच्या वस्तूची.

त्या दिवसांतलं ऊन मला आठवतं. पिवळं, हलकं, पाठीला लावून बसावं असं. गल्लीत घरोघर तुरी झोडपल्या जात होत्या. त्यांचा भुसा हवेत तरंगायचा आणि सगळ्यांचे कपडे धरून ठेवायचा, झटकला तरी सुटायचा नाही. समोरच्या कमलबाईंच्या साडीवर तर तो नक्षीसारखा बसलेला असायचा. मी मनात म्हणायचे, बघा, हीच ती स्थिर विद्युत. पण कोणाला सांगणार. संत्री स्वस्त झाली होती. साल सोलली की तिचा वास बोटांच्या भेगांमध्ये झोंबायचा. आणि मामाजी रोज अंगणात, वाघाच्या तोंडाचं पांघरूण घेऊन, आमच्या तोंडांकडे बघत बसलेले.

रविवारी सविताने पुन्हा फोन केला. "वैनी, घातले का बाबानं?"

"नाही गं."

"बरं," ती म्हणाली. "मंग राहू दे आता. काई एवढं नाही." तो आवाज ऐकला आणि मला कळलं, ती पुन्हा विचारणार नाही.

मी तिला थांब म्हणाले. फोन चालू ठेवूनच अंगणात गेले आणि मामाजींसमोर बसले. ओरडून सांगण्यासारखी गोष्ट नव्हती. गल्लीत सगळे घरी होते. मी फोन दाखवला. ओठ हलवून म्हटलं, सवी. मग त्यांच्याकडे बोट केलं आणि माझ्याकडे, कमलबाईंकडे, सगळ्या गल्लीकडे बोट फिरवून हात हलवला. आम्ही कोणी नाही. फक्त तुम्ही. त्यांनी माझा चेहरा वाचला. फार वेळ वाचला. मग पांघरूण बाजूला सारलं.

"पानी टाक," ते म्हणाले.

न्हाणीपाशी, अर्थिंगपासून चांगलं लांब, मी एक बादली मातीवर ओतली. ती जागा त्यांनीच दाखवली. प्लास्टिकची खुर्ची सोडून लाकडी पाटावर बसले. कानटोपी काढली, सुती दुपट्टा डोक्याला बांधला. मग स्लीपर काढायची वेळ आली. एक काढली. दुसरी काढायला इतका वेळ लागला की मला वाटलं, नाही जमणार. पाय चिखलात ठेवले तेव्हा बोटं वळली होती, जमीन धरून ठेवावी तशी. चार्जर काढलेला फोन मी त्यांच्या मांडीवर ठेवला, हेडफोन पुढे केले. त्यांनी उलटा हात लावला. काही झालं नाही. पुन्हा लावला. डोळे मिटून दोन्ही वाट्या कानांवर ओढल्या आणि तसेच बसून राहिले. झटका आला नाही. मग डोळे उघडून त्यांनी श्वास सोडला. मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिले. गजानन हरभऱ्याला पाणी द्यायला गेला होता. घरात आणखी कोणी नव्हतं.

कान झाकले की माणूस मोठ्याने बोलतो. बहिरा माणूस तर बोलतोच. सविताचं बोलणं कोणालाही ऐकू जाणार नव्हतं, याची आम्ही केवढी व्यवस्था केली होती. पण मामाजींच्या उत्तरांचं काय, हे माझ्या किंवा तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"बोल सवे! येते ऐकू. तू ओरडू नको, हळू बोल!" हे ते स्वतः ओरडून म्हणाले.

मग बराच वेळ "हं". पुन्हा "हं".

"हात उचलते का तुह्यावर?"

कमलबाईंचं सूप पाखडता पाखडता थांबलं.

"खरं सांग... नाही? मंग?"

मामाजी खाली चिखलाकडे बघत होते.

"बोलत नाही म्हंजे? कोनीच बोलत नाही?... सासू बी?... कवापासून?... मागच्या तुरीपासून? अन् तू आता सांगून राह्यली?"

त्यांनी घसा साफ केला, आणि तोही मोठ्यानेच.

"घरात मानसं असून कोनी बोलत नाही त कसं लागते, थे मले मालूम हाय बाई. मले कायले समजावून सांगतं?"

मी दाराची चौकट धरली. इतक्या वर्षांत त्यांनी हे कधी आमच्यासमोर म्हटलं नव्हतं. म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

"ये तू. ये म्हनलो न... पाहुनी कायले? कायमची ये... कोनाले विचारू? वैनीले?"

ते थांबले. माझ्या बाजूने ते काहीतरी बोलून टाकतील असं मला वाटलं. वैनी काही म्हणणार नाही, वैनीले काय विचारायचं, असं. सासरे असंच बोलतात आणि मग सुनांनी ते निभवायचं असतं. पण ते म्हणाले, "थांब. विचारतो तिले." आणि मान वर करून त्यांनी मला शोधलं.

"मनीषा! सवी घरी येतो म्हनते. कायमची. काय सांगू तिले?"

सगळी गल्ली माझ्याकडे बघत होती. घर तीन खोल्यांचं. तिला कुठली खोली द्यायची, लोक काय बोलतील, गजानन काय म्हणेल, हे सगळं माझ्या डोक्यात येऊन गेलं, नाही कशाला म्हणू? पण पलीकडे एक मुलगी श्वास धरून उभी होती आणि तिने माझं नाव घेतलं होतं.

"येऊ द्या तिला," मी म्हणाले. त्यांना ऐकू गेलं नाही. दोन्ही कान तिच्याकडे होते. ते डोळे बारीक करून माझ्याकडे बघत राहिले. मग मी दारातून निघाले, अंगण ओलांडलं, त्यांच्या समोर त्याच चिखलात जाऊन उभी राहिले आणि जोरजोरात मान हलवली.

त्यांनी माझा चेहरा नीट बघितला.

"हो म्हनून राह्यली," ते फोनमध्ये ओरडले. "रडून राह्यली, पन हो म्हनून राह्यली."